देवाचं चित्र आपल्या पद्धतीने काढताना सूट किती घ्यायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजला आहे की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही पुण्यात ग्राफिक डिझाइनचं काम करता. तीन वर्षांपासून बुद्ध आणि विठ्ठल यांच्यावर मोठी चित्रं काढताय. पहिल्या प्रदर्शनात तुमचे जुने शिक्षक एक फेरी मारून ‘सजावट छान आहे’ म्हणाले आणि निघून गेले. त्याच संध्याकाळी मावशींनी विचारलं, ‘विठोबाला तोंडच नाही, हे काय केलंस?’ आता सूट जास्त घेतली की कमी, हेच तुम्हाला कळेनासं झालंय. शिवाय मूर्तिशास्त्र शिकायलाच हवं का, कुणी दुखावलं तर काय, आणि फसलेली रेखाटनं टाकवत नाहीत त्यांचं काय करायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी एकतीस वर्षं चित्रं काढते आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त देवी, बुद्ध आणि विठ्ठल यांच्याभोवती फिरलेली आहेत. तुम्ही पाठवलेले तीन फोटो मी मोठे करून पाहिले. उत्तर लांबेल, पण घाईत लिहिण्यासारखा हा विषय नाही.

मला वाटतं, तुमच्या शिक्षकांची आणि मावशींची तक्रार एकच आहे. शिक्षकांना ते चित्र भिंतीवर गप्प बसलेलं वाटलं. मावशींना ते आपल्याकडे बघत नाही असं वाटलं. दर्शन घेतो तेव्हा आपण देवाला बघतो एवढंच नसतं, देवही आपल्याला बघतो. म्हणून तर गाभाऱ्यासमोरच्या रेटारेटीत माणूस टाचा उंचावून, मान वाकडी करून नजरेत यायला धडपडतो. जी प्रतिमा शेकडो वर्षं लोकांकडे बघत आली, ती तुम्ही घेतली आणि तिची नजर काढून टाकली. काढायला माझी ना नाही. पण नजर काढल्यावर त्या जागी चित्रात दुसरं काहीतरी उभं राहायला हवं होतं, ते राहिलेलं नाही. तेव्हा ‘सूट किती’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी हे बघा की या प्रतिमेतलं नेमकं काय तुम्ही ठेवताय आणि काय सोडताय. माझ्या कामात मी तीन गोष्टी वेगळ्या करून बघते: नजर, माप आणि खुणा.

नजरेचं मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, ते पेणला कळलं. आषाढात एका गणपतीच्या कारखान्यात गेले होते. फळ्यांवर शे-दीडशे शाडूच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या, पीतांबर, शेला, दागिने सगळं रंगवून झालेलं, डोळे मात्र कोरे. एक मुलगा त्या मूर्ती एका हाताने सरकवत, कधी गुडघ्याने थोपवत, आखणी करणाऱ्या काकांपुढे आणून ठेवत होता. काका पाटावर बसलेले, उजवा कोपर मांडीला टेकवलेला, ब्रशला मोजून पाच-सहा केस. आधी वरच्या पापणीची काळी रेघ, श्वास धरून एका दमात. मग बुबुळ. आणि सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका, भुईमुगाच्या टरफलावरच्या ठिपक्याएवढाही नाही. तो ठिपका पडला आणि त्याच मुलाने तीच मूर्ती दोन्ही हातांनी, छातीशी धरून उचलली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मूर्ती आता बघायला लागली होती, बस्स.

ही जाणीव आपल्याकडेच आहे असं नाही. श्रीलंकेत बुद्धमूर्तीचे डोळे रंगवण्याचा ‘नेत्रमंगल’ नावाचा वेगळा विधी आहे. कारागीर मूर्तीकडे पाठ करून, आरशात बघत डोळे रंगवतो, कारण ती पहिली नजर थेट अंगावर घ्यायची नसते. तिबेटी थांग्कात, म्हणजे कापडावरच्या धार्मिक चित्रातही डोळे शेवटी उघडतात, आणि चित्राच्या मागच्या बाजूला कपाळ, कंठ आणि हृदय येतं त्या जागी ॐ, आः, हूँ ही अक्षरं लिहितात. आपल्या गावाकडचा तांदळा आठवून बघा. शेंदराचे थरावर थर चढलेला दगड, नाक नाही, हात नाहीत, आकारही नाही. पण चांदीचे दोन डोळे बसवले की ती देवी होते. म्हणजे बाकीचं सगळं सोडलं आणि नजर ठेवली तरी प्रतिमा जिवंत राहू शकते. उलट करता येतं का? येतं, पण ते अवघड आहे.

उलट कसं करतात हे बघायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही. लोणावळ्याची लोकल पकडा आणि मळवलीला उतरा. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना पुढे याच मळवलीत आला. घराघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीला जो चेहरा मिळाला, तो अशा छापील चित्रांतून. आणि त्याच स्टेशनावरून चालत जाता येतं ती भाजे लेणी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची. तिथल्या चैत्यगृहात स्तूप आहे, नुसता गुळगुळीत घुमट, त्यावर बुद्धाची मूर्ती नाही. सांची, भारहूतच्या स्तूपांवरच्या जुन्या शिल्पांतही बुद्धाच्या जागी रिकामं आसन आहे, पावलांचे ठसे आहेत, बोधिवृक्ष आणि चक्र आहे. माणसाच्या रूपातला बुद्ध मथुरा आणि गांधारात इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत घडू लागला. त्याआधी लोक या रिकाम्या जागेलाच हात जोडत होते. पण ती जागा रिकामी आहे हे कळावं म्हणून शिल्पकाराने केवढी तयारी केली आहे ते बघा: आजूबाजूचे सगळे भक्त त्या आसनाकडे वळलेले, हात जोडलेले, वर छत्र धरलेलं. तिथे कुणीतरी बसलेलं आहे याची खात्री पटावी इतकं. भाज्याला स्तूपाभोवती खांबांच्या मागून एक प्रदक्षिणा घालून या, म्हणजे मी काय म्हणते ते पायांना कळेल.

आजच्या कलावंतांत हे ज्यांना साधलं, त्यांनी नजरेचं काय केलं हे मी नेहमी शोधते. कोरियात जन्मलेल्या नाम जून पाइक यांचा ‘टीव्ही बुद्ध’ १९७४ चा आहे. बुद्धाची जुनी मूर्ती, तिच्यासमोर टीव्ही, टीव्हीच्या मागे मूर्तीकडे रोखलेला कॅमेरा. मूर्ती स्वतःचंच चित्र अखंड बघत बसलेली. त्यांनी बुद्धात काहीच बदललं नाही. बदललं ते फक्त तो कुणाकडे बघतो हे. एवढ्याने आपण, म्हणजे दर्शन घ्यायला आलेले, बाहेर पडतो आणि तिऱ्हाइतासारखे उभे राहतो. पहिल्यांदा त्याचं छायाचित्र पाहिलं तेव्हा मला बराच वेळ काही सुचलं नव्हतं. ल्हासात १९६१ मध्ये जन्मलेले गोंकर ग्यात्सो याच्या उलट जातात. त्यांचा बुद्ध म्हणजे नुसती बाह्यरेषा, आत मुलांचे स्टिकर, जाहिरातींचे तुकडे, वर्तमानपत्रांची कात्रणं खच्चून भरलेली. चेहरा नाही. मग ते शोभेचं का होत नाही? कारण बाह्यरेषा थांग्काच्या मापातली आहे आणि आतला कचरा एका विस्थापित माणसाच्या आयुष्यातला आहे. चीनचे झांग हुआन शांघायच्या आसपासच्या मंदिरांतली उदबत्तीची राख गोळा करून तिचा बुद्ध करतात. २०१५ मध्ये सिडनीत त्यांनी असा राखेचा प्रचंड बुद्ध मांडला होता आणि तो प्रदर्शन चालू असतानाच हळूहळू ढासळत होता. त्या राखेत लोकांचे नवस आहेत.

आता तुमच्या विठ्ठलाकडे येते, आणि इथे थोडं स्पष्ट बोलते. चेहरा नसलेला विठ्ठल आज धाडसाचा राहिलेला नाही. कमरेवर हात, कपाळी गंध, बाकी सगळं सपाट काळं, हे गाडीच्या काचेवर असतं, टी-शर्टवर असतं, आषाढीला मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छांत असतं. तुमच्या मावशीही तो स्टिकर मुकाट्याने लावत असतील. पण काचेवर तो खूण म्हणून असतो आणि तुमच्या पाच फुटी कॅनव्हासवर तो माणसाच्या उंचीचा, समोरासमोर उभा आहे. त्या उंचीला मावशी दर्शनाला उभ्या राहिल्या आणि समोर कुणी भेटलं नाही.

आणखी एक. तुमच्या तिन्ही चित्रांत विठ्ठल गुडघ्याखाली कापलेला आहे. डिझाइनच्या सवयीने चौकट तिथे बसली असेल, मी समजू शकते. पण पंढरपूरला माणूस दहा-बारा तास रांगेत उभा राहतो तो पायांवर डोकं टेकवायला. मूर्ती झिजते म्हणून वज्रलेप करायची वेळ आली, इतके हात आणि इतकी कपाळं त्या पायांना लागली आहेत. विठ्ठलाची भेट पायांशी होते आणि तुम्ही चेहराही काढलात, पायही काढलेत. मग भेटायचं कुठे? मी तुमच्या जागी असते तर चेहरा तसाच कोरा ठेवला असता आणि सगळी ताकद पायांवर आणि विटेवर लावली असती. झिजलेला काळा पाषाण, त्यावरची तुपकट चकाकी, वरचा भाग हळूहळू अंधारात गेलेला. हे एकदा करून बघा आणि मावशींना दाखवा. चेहऱ्याचं त्या कदाचित विचारणारच नाहीत.

मापाबद्दल. मूर्तिशास्त्र शिकायलाच हवं का, याचं माझं उत्तर: पाठ करायची गरज नाही, पण हाताखालून गेलंच पाहिजे. आपल्या परंपरेत केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा म्हणजे एक ताल आणि ताल म्हणजे बारा अंगुळं. नवताल मूर्ती १०८ अंगुळांची. श्रेष्ठ देवता उत्तम दशतालात, म्हणजे दहा तालांहून थोड्या मोठ्या, १२४ अंगुळांच्या. आपला गणपती साधारण पाच तालांत बसतो, म्हणून तो बाळसेदार दिसतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात मार्कंडेय ऋषी राजा वज्राला सांगतात की नृत्य कळल्याशिवाय चित्र कळणार नाही. ते मला सुरुवातीला पुस्तकी वाटलं होतं. मग अजिंठ्याला पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्रासमोर चार दिवस बसून रेखाटनं केली.

तो अनुभव जरा तपशिलात सांगते, कारण माप म्हणजे काय हे मला तिथे उमगलं. गाभाऱ्याच्या डाव्या हाताला तो उभा आहे, आजूबाजूच्या सगळ्या आकृत्यांपेक्षा मोठा. उजेड अगदी मंद ठेवलेला असतो, डोळे सरावायला दहा मिनिटं जातात. पहिल्या दिवशी मी सरळ चेहरा काढला आणि तो एखाद्या कॅलेंडरवरच्या देखण्या राजपुत्रासारखा आला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की भुवई आणि नाक या दोन रेघा नाहीतच, भुवईची कमान तशीच खाली येऊन नाकाची कड होते. तिसऱ्या दिवशी कळलं की मान एकीकडे, छाती दुसरीकडे आणि कंबर पुन्हा पहिल्या बाजूला गेली आहे, आणि खाली झुकलेली नजर या तीन वळणांचा शेवट आहे. डोळा सुटा काढता येत नाही. कंबर चुकली की करुणा चुकते. चौथ्या दिवशी मी चेहऱ्याला हातच लावला नाही, फक्त अंगाचा तोल काढला, आणि रिकाम्या चेहऱ्यातही तो मान खाली घालून बघतो आहे असं दिसायला लागलं. चेहरा गाळायची माझी हिंमत त्यानंतर झाली.

अजिंठ्याची नक्कल करणं ही आपल्याकडची जुनी शाळा आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा तिथे बसले, आणि त्यांच्याही बऱ्याच प्रतिकृती लंडनमध्येच आगीत जळल्या. पण नकला गेल्या तरी काढणाऱ्यांच्या हातात जे उतरलं ते इथेच राहिलं. पुढे बंगालचे चित्रकार नंदलाल बोसही ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्याला येऊन प्रतिकृती करून गेले. तुम्ही संगणकावर फोटो ठेवून त्यावरून गिरवता, असं लिहिलंय. गिरवण्याने आकार मिळतो, तोल मिळत नाही. वर्षातून आठ दिवस तरी मूळ शिल्पासमोर, पेन्सिल घेऊन, बसून काढा. अजिंठा जमलं नाही तर कार्ले, भाजे, बेडसे तुमच्या दारात आहेत.

खुणांबद्दल फार लिहीत नाही, पुस्तकांत सगळं मिळतं. मैत्रेय या भावी बुद्धाच्या मुकुटात स्तूप, करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याच्या मुकुटात अमिताभ बुद्ध, भूमिस्पर्शमुद्रेत उजवा हात जमिनीकडे. एक चूक मात्र संगणकावर काम करणारे हमखास करतात आणि तुमच्या दुसऱ्या फोटोत ती आहे: रचना जमेना म्हणून प्रतिमा आरशासारखी उलटी केली आहे. त्यामुळे तुमचा बुद्ध डाव्या हाताने भूमीला साक्षीला बोलावतो आहे. तुम्हाला ते मुद्दाम करायचं असेल तर कारण चित्रात दिसू दे. नुसतं चुकून झालं असेल तर जाणकार तिथेच थांबतो. आपल्याकडे तर हे कुणालाही पटकन कळेल, कारण तोच प्रकार गणपतीच्या बाबतीत झाला तर सोंड उजवीकडे वळते, आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक म्हणून घरात घ्यायला लोक कचरतात.

माझं म्हणणं एवढंच की एका चित्रात या तिन्हींतली एकच गोष्ट मोडा आणि बाकीच्या दोन नेहमीपेक्षा जास्त काटेकोर पाळा. चित्रकार तय्यब मेहता यांची महिषासुराची चित्रं बघा. देवी आणि रेडा इतके एकमेकांत गुंतले आहेत की कुणाचा हात आणि कुणाची मान हे पटकन सुटत नाही. तिथे त्यांनी मापं मोडली आहेत, पण खूण कुठेही हरवलेली नाही, हे मर्दिनीचंच युद्ध आहे हे कुणालाही कळतं. सगळंच एकदम सैल केलं की हाती उरते ती छान रंगसंगती, आणि ‘सजावट’ हा शब्द तिथूनच येतो.

प्रतिमाच नको असेल तर तोही रस्ता आहे आणि तो आपल्या चित्रकारांनी चालून दाखवला आहे. सय्यद हैदर रझांचा बिंदू, नागपूरला जन्मलेल्या गायतोंड्यांची झेन विचाराच्या ओढीतून आलेली शांत, थरांची चित्रं, १९६०च्या दशकात वाराणसीत असताना तांत्रिक आकृत्यांनी प्रभावित झालेले प्रभाकर बरवे. यांच्याकडे देव दिसत नाही पण थांबावं लागतं. मात्र त्यांच्यामागे कित्येक वर्षांचं काम आहे. मंडल सोपं दिसतं म्हणून तिकडे वळू नका.

आता दुखावण्याबद्दल. इथे परिस्थितीवर फार अवलंबून असतं, म्हणून नियम न सांगता घडलेलं सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉटेलने माझ्याकडून सहा फुटी बुद्ध घेतला. मला पैशांची गरज होती आणि चित्रही मनासारखं झालं होतं. दोन महिन्यांनी तिथे गेले तर ते स्पाच्या दारात लावलेलं, खाली चपला ठेवायचं कपाट. मी बघत उभी होते तर झाडलोट करणाऱ्या एक बाई जवळ आल्या. चित्र माझं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, ‘ताई, मी रोज आधी या चपला जरा लांब सरकवते. साहेब परत जवळ लावायला सांगतात.’ त्यांच्या घरात बुद्ध भिंतीवरच्या शोभेसाठी आलेला नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांच्या मागे ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांच्या नातवंडांपैकी त्या एक. मी व्यवस्थापनाला जागा बदलायची विनंती केली, त्यांनी ऐकलं नाही, चित्र त्यांनी विकत घेतलेलं होतं. तेव्हापासून पावतीवरच मी लिहून घेते: चित्र डोळ्यांच्या उंचीवर किंवा वर, खाली पादत्राणं नाहीत, स्वच्छतागृहाच्या भिंतीला नाही. दोन-तीन गिऱ्हाइकं त्यावरून गेली. गेली तर गेली. तुम्हाला कॅफेच्या भिंतींची कामं येतात असं लिहिलंय, तेव्हा हे आजपासूनच सुरू करा.

तुमच्या पुढच्या योजनेबद्दल मला जास्त काळजी वाटते. बुद्ध आणि विठ्ठल एकाच आकृतीत मिसळायचे म्हणताय. याला आधार आहे, नाही असं नाही. आपल्याकडच्या दशावताराच्या जुन्या चित्रांत नवव्या जागी विठ्ठल असतो. पंढरपूरचा विठोबा मुळात बुद्ध, असं मत डॉ. आंबेडकरांनीही १९५४ मध्ये देहू रोडला मांडलं होतं. पण याच आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. म्हणजे तुमचं एकच चित्र एका घरात ‘आपलं परत मिळालं’ असं वाचलं जाईल आणि शेजारच्या घरात ‘पुन्हा गिळलं’ असं. वारकरी घरात तिसरंच काही. माझं मत विचाराल तर मिसळू नका. दोन वेगळे फलक करा, मध्ये हातभर भिंत मोकळी ठेवा, आणि जोडायचं काम बघणाऱ्यावर सोडा. मिसळायचंच असेल तर आधी दोन्हीकडच्या चार-चार माणसांना स्टुडिओत बोलवून कच्चं काम दाखवा. परवानगी मागायची म्हणून नव्हे. आपल्या रेघेचा अर्थ कुठे जाऊन काय होतो हे आपल्याला आधी माहीत असावं म्हणून.

कायद्याचं थोडक्यात: धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखावणं हा गुन्हा आहे, जुन्या दंडसंहितेत कलम २९५ अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २९९. पण नुसत्या कायद्याच्या भरवशावर राहू नका. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन त्यांच्या चित्रांवरून वाद झाल्यावर २००६ मध्ये देशाबाहेर गेले. त्यांच्यावरचे खटले दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केले. तरी ते परतले नाहीत, २०११ मध्ये लंडनला वारले. मला त्याचं आजही वाईट वाटतं. म्हणून मी भिऊन काढा असं म्हणत नाही. प्रत्येक निर्णयामागचं कारण तुम्हाला स्वतःला, मराठीत, मावशींना समजेल असं सांगता आलं पाहिजे, एवढी तयारी ठेवा. ‘मला सुचलं म्हणून’ हे उत्तर या विषयात पुरत नाही.

साहित्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तिसऱ्या फोटोत खरं कुंकू आणि हळद वापरलेली दिसतेय. हळदीचा पिवळा उजेडात वर्षभरही टिकत नाही, आणि हळदीचंच कुंकू असेल तर तेही विटतं. पूजेत ते रोज नव्याने वाहिलं जातं म्हणून ताजं दिसतं. टिकायला हवं असेल तर गेरू, पिवळी माती, काजळी, चुना यांच्याकडे या. अजिंठ्याची भिंत मुख्यतः अशाच रंगांवर उभी आहे, निळा मात्र लापिस लाझुली या दगडाचा, तो अफगाणिस्तानातून यायचा. गोव्यात आणि कोकणातल्या देवळांच्या भिंतींवर कावी कामात तर पांढरा चुना आणि तांबडी माती, एवढ्या दोनच रंगांत अख्खं रामायण उभं करतात. आणि खरा शेंदूर वापरणार असाल तर हातमोजे घाला आणि त्याची पूड घासू नका, त्यात शिसं असतं. विटणारा, उडणारा रंग हाच तुमचा विषय असेल तर गोष्ट वेगळी, मग ते घेणाऱ्याला आधी सांगा.

राहिली फसलेली रेखाटनं. मलाही ती फाडवत नाहीत, केराच्या टोपलीत तर नाहीच नाही. नदीत सोडू नका. मी वर्षभराची रेखाटनं एका पत्र्याच्या पेटीत साठवते आणि पावसाळ्यात बादलीत भिजत घालते. तीन-चार दिवसांनी हाताने कुसकरून लगदा करायचा, पाणी पिळून काढायचं, त्यात व्हाइटिंग पावडर (खडूची पूड) आणि खळ मिसळून मळायचं, अगदी कागदी गणपतीचा लगदा करतात तसं. मग तो प्लायवर बोटभर जाडीने थापून सावलीत वाळवायचा. उन्हात ठेवला तर तडकतो. वाळला की पॉलिश पेपरने घासून वर चुन्याचा हात द्यायचा. गेरू आणि काजळी त्यावर फार सुंदर बसते. तुमच्याकडे तीन वर्षांची रेखाटनं आहेत म्हणजे दोन-अडीच फुटांचा एक फलक सहज होईल. विठ्ठलाचे पाय त्याच्यावर काढा.